ओरिनच्या अंगणातलं गवत

ओरिन बेकडालच्या घरापुढचं गवत दरवर्षी ठिगळाठिगळांनी उगवायचं. बाकी अंगण साधं, थोडं पिवळट, आणि मधेच कुठेतरी परातीएवढा एखादा तुकडा असा हिरवागार, की बघणाऱ्याने थबकावं. टॅमरॅक बेंड गावातल्या लोकांनी याचं कारण आपापलं ठरवून टाकलं होतं: ओरिनचा कुत्रा. टग नावाचं ते दांडगट जनावर अंगणात जिथे बसतं तिथे गवत माजतं, असं सगळे म्हणत. ओरिन कधी हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मोंटानातल्या म्हाताऱ्यांना गैरसमज दूर करण्याची फारशी घाई नसते.

मर्ना स्कोग्लंडलाही तसंच वाटायचं. मर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं राबून निवृत्त झालेली. वय सदुसष्ट, आवाज अजून दोनशे पोरांच्या जेवणघरात पोचेल असा. या बाईचा एकच नाद होता. डोंगरी मेंढ्याच्या शिकारीचा परवाना सोडतीने मिळतो, हजारो अर्ज येतात आणि मोजक्यांचं नाव निघतं. मर्ना एकतीस वर्षं दर वसंतात अर्ज भरत होती. एकतीस वर्षं उत्तर यायचं, यंदा नाही. तिचा नवरा डुएन म्हणायचा, "तुझ्याआधी त्या मेंढ्यालाच परवाना मिळेल, तुला मारायचा."

आणि या जूनमध्ये तिचं नाव निघालं.

बातमी कळली तेव्हा ती अंगणात कपडे वाळत घालत होती. ओला टॉवेल खांद्यावर टाकून ती तशीच तीन घरं पलीकडे पळाली, बहिणीला सांगायला. पळता पळता तिला आठवलं की हाच तो खांदा. फेब्रुवारीत त्याचं ऑपरेशन झालं होतं. मोठ्या बंदुकीचा धक्का आता या खांद्याला झेपणार नाही, असं डॉक्टरने स्पष्ट बजावलं होतं. घरात सोसवेल अशी एकच रायफल होती, तिच्या आईची. हलकी, लांब नळीची, गोड स्वभावाची. पण तिच्या मापाची काडतुसं हल्ली कुठल्या दुकानात मिळत नव्हती. डुएन तीन शहरांत फिरून रिकाम्या हाताने आला.

"आता एकच माणूस," डुएन म्हणाला. "जा ओरिनकडे. पण तो शिव्या घालेल."

ओरिन बेकडाल एक्याऐंशी वर्षांचा. हयात बर्फ हटवायच्या गाडीवर गेलेली. बायको व्हेरा जाऊन सात वर्षं झालेली. घरामागच्या शेडमध्ये तो वापरलेल्या पुंगळ्यांत पुन्हा बारूद भरून काडतुसं बनवायचा आणि त्यात पन्नास वर्षं मुरलेला होता. त्याच्या हाताला यश आहे असं सगळा जिल्हा मानायचा, पण त्याने कधी कुणाला काडतूस बनवून दिलं नाही.

"मी कुणासाठी भरत नाही," त्याने मर्नाला दारातच सांगितलं. "टेबल माझं, हात तुझे. दुसऱ्याच्या हातचं काडतूस शहाण्या माणसाने आपल्या बंदुकीत घालू नये. माझ्याही हातचं नाही. बसायची तयारी असेल तर ये."

"बसेन की."

"गप्पा मारायच्या नाहीत."

"ते जमेल असं वाटत नाही," मर्ना म्हणाली. ओरिनने शेडचं दार उघडलं.

शेड चर्चपेक्षा स्वच्छ होती. भिंतीला फळ्या, फळ्यांवर बारुदीचे डबे ओळीने. टेबलावर फक्त एक दाबयंत्र, एक नाजूक काटा, आणि बारूद मोजून सोडणारं एक माप, ज्याच्या डोक्यावर काचेची उभी नळी. टेबलाच्या वर, खिळ्याला टांगलेल्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: टेबलावर एकच डबा.

"ही तुमची प्रार्थना का?" मर्नाने विचारलं.

"प्रार्थना कधीमधी चुकली तर चालते," ओरिन म्हणाला.

त्या उन्हाळ्यात मर्ना दर शनिवारी जायला लागली. तिला वाटलं होतं, बारूद म्हणजे बारूद, काळी भुकटी, पेटवली की धडाम. ओरिनने पहिल्याच दिवशी तीन डब्यांतली चिमूट चिमूट वेगवेगळ्या बशांत ठेवली, एक बशी उचलून दुसरी, दुसरी उचलून तिसरी, कधीही दोन एकत्र नाहीत.

"ही पिस्तुलाची. पिस्तुलाची नळी वीतभर. गोळी बाहेर पडायच्या आत सगळं जळून व्हायला हवं, म्हणून ही भसकन पेटते. ही छऱ्याच्या बंदुकीची. तीही घाईची, पण त्या नळीच्या भिंती पातळ, म्हणून हिने रेटायचं मूठभर छरे आणि तेही सांभाळून. आणि ही रायफलची. हिला लांब नळी मिळते. ही सावकाश पेटत जाते, शेवटपर्यंत ढकलत राहते."

"म्हणजे पाइनच्या सुया, फळकुटं आणि लार्चच्या झाडाचा ओंडका," मर्ना म्हणाली. "सुयांवर भाकरी भाजता येत नाही आणि ओंडक्यावर कॉफी पटकन होत नाही."

पुढच्या शनिवारी तिच्यासाठी खुर्चीवर उशी ठेवलेली होती.

"आणि ओंडक्याच्या जागी सुया भरल्या तर?" तिने विचारलं.

"तर बंदूक फुटते. तुझ्या तोंडाशी."

या माणसाची निवड करायची रीत बघून मर्ना थक्क झाली, आणि बाई सहजासहजी थक्क होणारी नव्हती. डब्यावर काय छापलंय यावर तो अर्धाच विश्वास ठेवायचा. पुस्तक उघडायचा, त्यात या रायफलला कुठल्या कुठल्या बारुदी चालतात ते बघायचा आणि सगळ्यात कमी मापापासून सुरुवात करायचा. मग गावाबाहेरच्या मैदानावर जाऊन कागदावर गोळ्या झाडायच्या. तीन भोकं किती जवळ पडली ते पट्टीने मोजायचं. वहीत हवा, ऊन, वारा, मर्नाचा खांदा दुखला की नाही, सगळं लिहायचं. खांद्यासाठी त्याने वेगळा रकाना आखला होता. हे मर्नाने पाहिलं तेव्हा ती त्या रकान्यावरून बोट फिरवत राहिली. डुएनने तिच्या खांद्यासाठी औषध आणलं होतं, पण रकाना कुणी आखला नव्हता.

एकदा ओरिनने चार बारुदींची मूठ-मूठ काडतुसं फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितली, गोठवलेल्या हकलबेरी या रानफळांच्या पिशवीशेजारी.

"कशाला? टिकायला?"

"नोव्हेंबरात तिथे वर किती थंडी असते? काही बारुदी थंडीत आळसावतात. जुलैत शहाण्यासारख्या वागतात आणि बर्फात गोळी हातभर खाली पाडतात. मला आत्ताच कळलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ते थंडगार जीव बर्फाच्या पेटीतून मैदानावर गेले. एक बारूद तिथेच नापास झाली. दुसरीचा धक्का खांद्याला लागला. तिसरी बरी होती, पण दोनशे यार्डांवर तिची भोकं बशीएवढी पसरायची. चौथी मात्र अशी लागली की तीन गोळ्यांचं एकच भोक झालं, आणि मर्नाच्या खांद्याला कुणी टपली मारावी इतकाच धक्का. तीनशे यार्डांवरही ती तशीच. मर्नाने कागद छातीशी धरला आणि चक्क रडली.

"हीच," ओरिन म्हणाला. "ही आता बनत नाही. माझ्याकडे पाऊण डबा आहे. तुझं काम होईल."

शिकारीचा मोसम सुरू व्हायला नऊ दिवस होते तेव्हा, शनिवारी, वीस काडतुसं भरायचं ठरलं. मर्ना हकलबेरीची पाई घेऊन गेली, आत फळं भरून भाजलेली. ताटलीत, कापडाने झाकलेली, अजून कोमट. ओरिन पुंगळ्या आणायला घरात गेला होता. टगने पाईचा वास घेऊन शेपटी आपटायला सुरुवात केली. कुत्र्याच्या तोंडाला पोचणार नाही अशी जागा मर्नाने शोधली. वरच्या फळीवर एक डबा होता, तो तिने बाजूला काढला आणि तिथे ताटली ठेवली. सव्वीस वर्षं स्वयंपाकघरात काढलेल्या बाईने दुसरं काय करावं?

सकाळी दहा काडतुसं झाली. ओरिनचा नियम असा की टेबलावरून उठायचं तर मापाच्या नळीतली उरलेली बारूद लगेच डब्यात परत. त्याप्रमाणे त्याने ती ओतली, दोघांनी पाई खाल्ली, ओरिनने दोनदा घेतली. परत बसून उरलेली दहा झाली. मर्ना वीस काडतुसांची पेटी मांडीवर घेऊन घरी गेली. डुएनने गाडी चालवली आणि वाटेत तिला तीनदा म्हणाला, "अगं, ते अंडं नाहीये."

रविवारी सकाळी ओरिन तिच्या दारात उभा राहिला, टोपी हातात. ओरिन कुणाच्या घरी जात नसे. मर्नाला वाटलं, कुणीतरी गेलं.

"काल भरलेली वीसच्या वीस दे," तो म्हणाला.

"का?"

"सकाळी शेडमध्ये गेलो तर टेबलाच्या कोपऱ्यात दुसरा डबा होता. पिस्तुलाचा. झाकण सैल. मी झाकण कधी सैल ठेवत नाही. जेवायला उठलो तेव्हा मी माप कुठल्या डब्यात ओतलं आणि परत कुठल्या डब्यातून भरलं, ते मला सांगता येत नाही. आणि पेटीत पहिली दहा कुठली, तेही आता वेगळं काढता येणार नाही." त्याने टोपी हातात फिरवली. "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. वर्षभर मी चष्म्यालाच नावं ठेवत होतो."

तो डबा कुणी ठेवला हे मर्नाला त्याच क्षणी आठवलं.

"डब्यात बघून कळत नाही का?"

"दोन्ही खसखशीसारख्या. एकसारखा रंग, एकसारखा दाणा. मिसळल्या तर कुणाच्या बापाला कळणार नाही."

"पण बहुतेक बरोबरच असेल ना! शंभरात नव्याण्णव!"

"असेल."

"मग?"

"उरलेल्या एकाच्या वेळी तुझा उजवा डोळा बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेपासून चार इंचांवर असेल," ओरिन म्हणाला.

मागे उभा असलेला डुएन काही विनोद करणार होता, तो त्याने गिळला.

"डबा मीच काढला," मर्ना म्हणाली. तिचा तो जेवणघर हलवणारा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "पाईची ताटली ठेवायला. कुत्र्याच्या भीतीने. ओरिन, माझी चूक आहे."

"टेबल कुणाचं?"

"तुमचं. पण..."

"मग चूकही टेबलवाल्याची. टेबलावर काय आहे ते बसण्याआधी बघणं माझं काम. चल, आण ती पेटी."

त्या दुपारी शेडमध्ये ठकठक चालली. काडतुसातली गोळी परत काढायची असेल तर हातोड्यासारख्या दांड्यात काडतूस अडकवून ओंडक्यावर आपटावं लागतं, दोनदा, तीनदा, मग गोळी सुटते आणि बारूद बाहेर येते. कालचं सगळं मर्नाने स्वतःच्या हाताने उलटं केलं. प्रत्येक ठोक्याला तिला वाटे, ही बरोबरच असणार, ही नक्की बरोबर होती. तरी विसाव्यापर्यंत ती ठोकत राहिली.

वाडग्यात जमलेली बारूद ओरिनने उचलली. त्यात त्याने पिस्तुलाचा डबा ओतला, आणि मग तो, आता कुठेच न मिळणारा, अर्ध्यावर आलेला डबाही. मर्ना त्याचा हात धरणार होती. तिने धरला नाही. म्हातारा अंगणात गेला, फाटकाजवळ उभा राहिला आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी सगळी बारूद गवतावर फेकली. मग पाण्याचा पाइप घेऊन वरून पाणी मारलं.

"गवताला मानवते," तो म्हणाला. "खत आहे चांगलं."

मर्ना अंगणाकडे बघत राहिली. पलीकडे झाडाखाली एक हिरवा तुकडा. पायरीपाशी दुसरा. विहिरीच्या कट्ट्याजवळ तिसरा.

"म्हणजे टग नव्हे," ती म्हणाली.

"टग बिचारा जिथे बसतो तिथे गवत मरतं."

मग आत येऊन त्याने वही तिच्यापुढे सरकवली, शेवटची पानं उघडून. वर लिहिलं होतं, गवताला दिलेली. खाली ओळीमागून ओळ, पन्नास वर्षांची. मर्ना वाचत गेली. फोन आला, कितवी पुंगळी ते विसरलो. लेबल ओलं होऊन पुसलं. झोप झाली नव्हती. डब्याला आंबूस वास. आणि एका महिन्यात लागोपाठ तीन ओळी: व्हेरा दवाखान्यात, मन थाऱ्यावर नाही. व्हेरा घरी, मन थाऱ्यावर नाही. व्हेरा.

एवढी वर्षं गाव त्या ठिगळांवर हसत होतं आणि हा माणूस कुत्र्याला पुढे करून गप्प बसला होता. या माणसाएवढा सरळ माणूस आपण पाहिलेला नाही, असं मर्नाला वाटलं, आणि ते तिने बोलूनही दाखवलं.

"लिही," ओरिन तुटकपणे म्हणाला. "मला ओळी नीट दिसत नाहीत. आजची तारीख. दोन डबे टेबलावर. चूक ओरिनची."

मर्नाने लिहिलं.

"वाच."

"दोन डबे टेबलावर. चूक ओरिनची," तिने वाचून दाखवलं. वहीत मात्र तिने लिहिलं होतं: चूक दोघांची. एक पाईवाली, एक टेबलवाला. त्या वहीत खोटं कुणी लिहिलं नव्हतं आणि मर्नाही लिहिणार नव्हती. वाचायला काय जातं.

उरली ती तिसरी बारूद, बशीएवढी पसरणारी. तिच्या वीस काडतुसांवर परत एक शनिवार गेला. या वेळी टेबलावर किती डबे आहेत ते मर्ना दर पाच मिनिटांनी मोठ्याने सांगत होती. "एक, ओरिन." "एक." "अजून एकच." म्हातारा वैतागला तरी थांब म्हणाला नाही. तीन गोळ्या मैदानावर झाडून बघितल्यावर त्याने निर्णय दिला.

"दीडशे यार्डांपर्यंत तुझा शब्द खरा. त्यापुढे मी सांगू शकत नाही, आणि तूही सांगू शकणार नाहीस. बाकीचं अंतर पायांनी तोड."

पायांनी तोडायचं म्हणजे रेड लेजचे कडे. मर्ना आणि डुएन सप्टेंबरपासून नोव्हेंबरअखेर अकरा वेळा वर गेले. डुएनने तंबू वाहिला, पाणी वाहिलं आणि कुरकुर वाहिली. मेंढ्या दिसल्या, पिल्लं दिसली, लहान शिंगांचे नर दिसले. हवा तो दिसला शेवटच्या रविवारी, मोसम संपायला दोन तास असताना.

तो घळीच्या पलीकडच्या कड्यावर उभा होता. शिंगं पूर्ण वळसा घेऊन गालांपाशी आलेली, टोकं झिजलेली, छाती रुंद. मर्ना बर्फात पालथी पडली आणि पिशवीवर रायफल टेकवली. वारा नव्हता. मेंढा आडवा उभा, हलायचं नाव नाही.

डुएनने दुर्बिणीतून अंतर मोजलं. "तीनशे दहा."

मधे घळ होती, दीडशे फूट सरळ खाली. पलीकडे जायला वाट म्हणजे अख्खी दुपार.

मर्नाने गालाला लाकूड लावलं. रायफलवरच्या दुर्बिणीतल्या रेघांमध्ये मेंढा नीट बसला होता. श्वास ठरला, बोट ठरलं. ती फाटकाजवळ फेकलेली बारूद असती तर प्रश्नच नव्हता. आणि दोनशेवर बशीएवढी पसरणारी ही तीनशेवर किती पसरेल? एक बशी? परात? पोटात लागली तर हा कड्यावरून जाईल आणि चार दिवस कुठेतरी कपारीत मरत पडेल.

"मार ना," डुएन कुजबुजला. "मर्ना, मार!"

"खात्री नाही."

"एकतीस वर्षं, बाई!"

"मोजता येतात मला," मर्ना म्हणाली आणि बोल्टचा दांडा मागे ओढला. काडतूस बर्फात पडलं. तिने ते उचलून पुसलं आणि पेटीत ठेवलं.

मेंढ्याने वाकुल्या दाखवाव्यात तसा आणखी दहा मिनिटं तिथेच मुक्काम ठोकला. मग सावकाश कड्याआड गेला. खाली उतरून गाडीत बसल्यावर डुएनने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"मी असतो तर गोळी मारली असती," तो म्हणाला. "आणि आत्ता कंदील घेऊन रक्त शोधत फिरत असतो." मग त्याने तिचा दुखरा खांदा हलकेच दाबला. "चल, कॉफी पाजतो."

दुसऱ्या दिवशी मर्नाने ओरिनच्या टेबलावर पेटी ठेवली. म्हाताऱ्याने बोटांनी काडतुसं चाचपत मोजली. सतरा. तीन तर मैदानावरच गेली होती.

"दिसला नाही?"

"दिसला. तीनशे दहावर."

ओरिनने टोपी काढली आणि टेबलावर ठेवली, जिथे तो कुणाला चमचाही ठेवू द्यायचा नाही.

"या टेबलावर पन्नास वर्षांत बरेच जण बसले," तो म्हणाला. "काहींची भिंतभर शिंगं आहेत. न उडवलेलं काडतूस मला परत आणून दाखवणारी तूच. पोरी, मला फार बरं वाटलं."

मर्नाला मात्र बरं वाटत नव्हतं, आणि हिवाळाभर वाटलं नाही. ती मेंढ्याचं स्वप्न बघायची आणि उठून पाव मळायची. मार्चमध्ये तिने परत अर्ज भरला. उत्तर यायचं ते येईल. सदुसष्टाव्या वर्षी निघालेलं नाव परत कधी निघणार, हे तिलाही कळत होतं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की डोंगरातल्या मेंढ्या कोवळ्या चाऱ्यासाठी गावाच्या कडेला उतरतात. लोकांची ट्यूलिपं खातात आणि लोक झाडू घेऊन त्यांना हाकलतात. त्यामुळे एका सकाळी ओरिनचा फोन आला तेव्हा मर्ना पीठ भरल्या हातानेच बोलली.

"अंगणात काहीतरी खातंय," ओरिन म्हणाला. "टग भुंकत नाही, नुसता बघतोय. मला आकार दिसतो, पण काय ते कळत नाही. डोळ्याचं ऑपरेशन मे महिन्यात आहे. ये जरा."

"मेंढी असेल. झाडू घ्या."

"झाडूच्या मापाचं वाटत नाही."

मर्ना मागच्या दाराने आत शिरली आणि त्याच्या शेजारी खिडकीशी उभी राहिली. टग पायरीवर कान पाडून बसला होता, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. फाटकाजवळ, बारूद पडलेल्या जागी, गवत घोट्याएवढं उंच आणि काळपट हिरवं झालं होतं. बाकी अंगण अजून पिवळंच. आणि त्या हिरव्या तुकड्यात चारही पाय रोवून, मान खाली घालून, शिंगांचा पूर्ण वळसा आणि झिजलेली टोकं घेऊन तो चरत होता. कुणाच्या बापाची पर्वा न करता, कचाकचा.

मर्नाने तोंडावर पिठाचा हात दाबला.

"काय आहे?" ओरिन अधीरपणे म्हणाला. "सांग की!"

"तोच आहे," ती म्हणाली. "ओरिन, माझी बारूद खातोय."

ती हसायला लागली. मग रडायला लागली, आणि कुठलं कुठे संपलं ते तिलाही सांगता आलं नसतं. ओरिनने काचेला नाक लावलं. त्याला तपकिरी धुक्यासारखं काहीतरी हलताना दिसत होतं.

"शिंगं?"

"गालांपर्यंत. पूर्ण वळसा."

"किती यार्ड?"

मर्नाने खिडकीपासून फाटकापर्यंत नजरेने मापलं. "बारा."

"आता खात्री आहे?"

"आता आहे," मर्ना म्हणाली, आणि कॉफी ठेवायला वळली. जाता जाता तिने पडदा थोडा ओढून घेतला, त्याचं खाणं होईपर्यंत कुणी हलून त्याला बिचकवू नये म्हणून.